भाऊबंदांचे बांध आणि न्यायाची वाट

भूमीचा लोभ मनुष्याच्या रक्तांत किती खोल मुरलेला आहे हें सांगण्यास कोणा तत्त्ववेत्त्याची गरज नाहीं. सुईच्या अग्रावर राहील इतकी माती देण्याचें दुर्योधनानें नाकारलें आणि त्यापायीं अठरा अक्षौहिणी सैन्याचा चुराडा झाला, ही कथा आमच्या खेड्यांतील निरक्षर आजीबाईसही पाठ आहे. परंतु ज्या पारावर ही कथा ऐकावयाची, त्याच पारावरून उठून दोन चुलतभाऊ दुसऱ्या दिवशीं हातभर बांध कोरल्याच्या कारणावरून एकमेकांवर कुऱ्हाड उगारतात. कथा ऐकावयाची ती दुसऱ्याच्या घरची म्हणून. आपलें घर मात्र तिच्या बाहेर आहे अशी प्रत्येकाची समजूत! महाराष्ट्राच्या खेड्यांतील भावकीचे जमिनीचे तंटे व ते मिटविण्याचा मार्ग हा विषय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. या रोगास आपण इतके सरावलों आहों कीं, तो रोग आहे याचाच आपणांस विसर पडला आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. शहरवासी वाचकांस वाटतें कीं, जमिनीचा तंटा म्हणजे दोन इसमांमधील वाद. ज्याचा कागद खरा त्याची जमीन, आणि प्रकरण संपलें. खेड्यांत तसें नसतें. तेथें दाव्याच्या कागदावर नांवें दोन माणसांचीं असलीं तरी त्यांच्या पाठीमागें थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन भावक्या उभ्या असतात. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे सर्व मान त्या जमिनीच्या वहिवाटीशीं पिढ्यान् पिढ्या गुंतलेले असतात. पाटिलकीचें वतन १९६२ च्या कायद्यानें गेलें. त्या वतनाची ऐट मात्र कोणत्याही कायद्यास काढून घेतां आलेली नाहीं. म्हणून दहा गुंठ्यांच्या वादांत दोन्ही पक्ष त्या दहा गुंठ्यांच्या किंमतीहून अधिक पैसा ओततात, आणि बाहेरचा मनुष्य त्यांस वेडे म्हणतो. ते वेडे नाहींत. ते जमिनीसाठीं जितके भांडतात तितकेच आपण थोरले कीं धाकटे या प्रश्नासाठीं भांडतात. हें ज्यास कळलें नाहीं त्यानें हा तंटा मिटविण्याच्या भानगडींत पडूं नये.

आतां या तंट्यांचीं बीजें कोठें आहेत? पहिलें बीज तोंडी वांटणींत आहे. बाप वारल्यावर भाऊ शेतांत उभे राहून, "ओढ्यापलीकडचें तुझें, आंब्याअलीकडचें माझें" असें ठरवितात व त्याप्रमाणें तीस तीस वर्षें नांगर चालवितात. कागदावर मात्र सर्व क्षेत्र सामाईकच राहतें. आमच्या इकडे मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली. आज शंभर वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. तरीही हजारों उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नांवापुढें "ए. कु. मॅ." हीं तीन अक्षरें लागलेलीं आढळतील. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा त्यांचा अर्थ. तो मॅनेजर हयात असेतों सर्व ठीक चालतें. तो वारला म्हणजे त्याचीं मुलें आपलींच नांवें वारस म्हणून लावून घेतात, मॅनेजरचा मालक होतो, आणि चुलत्याच्या घरीं पहिली ठिणगी पडते. सातबाराची नोंद ही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, ती सारा कोणाकडून घ्यावयाचा हें ठरविण्यापुरती आहे, असें वरिष्ठ न्यायालयांनीं कितीदां तरी सांगितलें आहे. परंतु सरकारी शिक्का असलेला कागद हातीं आला कीं, आपणच धनी झालों असें खेड्यांतील मनुष्य समजतो. उलट बाजूचा मनुष्यही तसेंच समजून हातघाईवर येतो.

दुसरें बीज सरकारनेंच पेरलेलें आहे, व तेंही चांगल्या हेतूनें. १९४७ सालीं मुंबई सरकारनें जमिनीचे तुकडे पडूं नयेत व पडलेले एकत्र व्हावेत म्हणून कायदा केला. त्या कायद्याखालीं गांवोगांव गटवारी झाली. जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि एकाचें क्षेत्र दुसऱ्यास व दुसऱ्याचें तिसऱ्यास असें कागदोपत्रीं वांटलें गेलें. कित्येक गांवीं लोकांनीं नवे कागद पेटींत ठेवून जुनींच शेतें कसणें चालू ठेविलें. विहीर आपली, आंब्याचें झाड आपल्या आजानें लाविलेलें. तें सोडून कोण जाणार? अशा रीतीनें शेत रामाच्या ताब्यांत व सातबारा गोविंदाच्या नांवें, अशी उलटापालट दोन दोन पिढ्या चालत आली. जमिनीला भाव नव्हता तोंवर कोणी बोललें नाहीं. रस्ता आला, धरण आलें, कारखाना आला, मोबदल्याचा आंकडा वर्तमानपत्रांत छापून आला, कीं मग पेट्या उघडूं लागल्या. हिस्सेदारांत एकमत नाहीं म्हणून मोबदल्याची रक्कम सरकारजमा किंवा कोर्टजमा पडून राहते; जमीन गेलेली, पैसा अडकलेला, आणि घरांत बोलणें बंद, अशी त्रिविध दुर्दशा होते.

तिसरें बीज हें साध्या गणिताचें आहे. समजा, एका पणजोबाचें बारा एकरांचें म्हणजे ४८० गुंठ्यांचें शेत आहे. त्यास तीन मुलगे, प्रत्येकास पुन्हा तीन, आणि त्या नवांपैकीं प्रत्येकास पुन्हा तीन असे धरले, तर चौथ्या पिढींत सत्तावीस वांटेकरी होतात व प्रत्येकाच्या वांट्यास अठरा गुंठेही धड येत नाहींत. मुलींचे हिस्से तर या हिशेबांत अजून धरलेच नाहींत. इकडे सरकारनें २०२३ सालीं बहुतेक जिल्ह्यांकरितां जिरायत जमिनीचें प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे ठरविलें आहे; त्याखालचा तुकडा पाडण्यास कायद्याची मनाई. मरण तर कायदा विचारून येत नाहीं! तेव्हां शेतांत वांटणी होते, कागदावर होऊं शकत नाहीं, आणि या दोहोंमधील दरींत तंटा घर करून राहतो. बांध कोरणारा मनुष्य दुष्टच असतो असें नाहीं; पुष्कळदां तो केवळ अपुऱ्या भाकरीचा धनी असतो.

असा तंटा कोर्टांत गेला म्हणजे काय होतें तें आम्हां कायद्याच्या व्यवसायांतील लोकांस नित्य पाहावें लागतें. वांटपाच्या दाव्यांत दिवाणी न्यायाधीश प्रथम हिस्से ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा करितो. त्यावर अपील, त्या अपिलावर दुसरें अपील. मध्यंतरीं एखादा पक्षकार वारतो. त्याचे वारस दप्तरीं आणण्यांत आणखी काळ जातो. शेवटीं हुकूमनामा कायम झाला तरी सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचें काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमान्वयें जिल्हाधिकाऱ्याकडे जातें, तेथून तें तहसीलदाराकडे व मोजणीदाराकडे उतरतें, आणि बांधावर सांखळी पडेपर्यंत मूळ वादीचा नातू कर्ता झालेला असतो. बरें, कोर्ट टाळून सरळ तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं वांटपाचा अर्ज करावा, तर भाऊबंदांपैकीं एकानें मालकीचा प्रश्न उपस्थित केला कीं, तो दिवाणी कोर्टांत सुटेपर्यंत तेथील काम थांबतें. महसुलाचा अधिकारी कोर्टाकडे बोट दाखवितो व कोर्ट महसुलाकडे; मध्यें शेतकरी उभा. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये ही म्हण आमच्या लोकांनीं अडाणीपणानें केलेली नाहीं, अनुभवानें केलेली आहे.

यावर कित्येक स्वदेशाभिमानी गृहस्थ म्हणतात कीं, मग जुनी गोतसभा परत आणा, म्हणजे झालें. आमच्या पूर्वजांच्या न्यायपद्धतीचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु अभिमान हा डोळस असावा. मराठेशाहींत वतनाचा वा शिवेचा तंटा गोतापुढें चाले तेव्हां त्यास कांहीं नियम होते. उभय पक्ष आरंभींच गोताचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा व जामीन लिहून देत. आसपासच्या गांवचे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार व वृद्ध साक्षीदार प्रत्यक्ष शिवेवर जमत. झालेला निवाडा महजरावर लिहिला जाऊन त्यावर हजर मजालसीच्या निशाण्या होत. आणि हरलेला पक्ष, मी खोटा ठरलों, पुन्हा भांडणार नाहीं, असें येजितखत जिंकणाऱ्यास लिहून देई. येजितखताची ही रीति अत्यंत विचार करण्याजोगी आहे. तंटा संपला हें न्यायाधीशानें म्हणून भागत नाहीं. हरलेल्यानें तें चार माणसांदेखत म्हणावें लागतें, तेव्हांच तो खरोखर संपतो. १८१८ नंतर एल्फिन्स्टनसारख्या परकी राज्यकर्त्यासही पंचायतीची ही पद्धति शक्य तोंवर राखावी असें वाटलें व तसें त्यानें पेशव्यांच्या मुलखाविषयींच्या १८१९ च्या अहवालांत लिहिलें. परंतु १८२७ चे कायदे आले, अदालती स्थिरावल्या, आणि पंचायत मागें पडली.

पण याच पद्धतीची दुसरी बाजू झांकून ठेवणें हें सत्याशीं बेइमानी करण्यासारखें होईल. साक्षीपुराव्यानें निकाल लागेना तेव्हां उकळत्या तेलांतून धातूचा तुकडा काढावयास लावणारें रवादिव्य त्याच गोतापुढें होत असे. त्या सभेंत स्त्रीस वांटेकरी म्हणून बसण्यास जागा नव्हती. आणि गांवकुसाबाहेरच्या वतनदारास निशाणी करण्यापुरतें बोलावीत, पण त्याच्या जमिनीवर सवर्णांनीं केलेल्या अतिक्रमणाचा न्याय त्याच सवर्णांच्या हातीं असे. शिवाय भावकी हीच न्यायाधीश झाली म्हणजे बहिष्काराचें शस्त्र तिच्या हातीं येतें. हें शस्त्र किती निर्दय असतें याचा अनुभव घेऊनच महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो २०१७ पासून अंमलांत आला. आमच्या शास्त्रकारांसही हा धोका ठाऊक होता. याज्ञवल्क्यानें तंटे पाहणाऱ्या संस्था सांगतांना राजानें नेमलेले अधिकारी, पूग, श्रेणी व कुल असा उतरता क्रम लाविला आहे. त्यांत कुलाचें स्थान शेवटचें आहे. कुलानें आपल्या घरचा तंटा पाहावा, पण त्याचा शब्द अखेरचा नसावा, हा त्यांतील इत्यर्थ. तेव्हां जुनी गोतसभा जशीच्या तशी आणा म्हणणारांनीं शास्त्राचा आधार घेऊं नये. आपणांस तिचें पुनरुज्जीवन नको, तिची सुधारणा हवी.

अशा सुधारणेचा प्रयत्न पूर्वीं झालेला आहे. १८७० च्या दशकांत सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनीं पुण्यांत लवाद कोर्टाची कल्पना हातीं घेतली ती याच हेतूनें कीं, लोकांचे तंटे लोकांनींच स्वस्तांत व सलोख्यानें तोडावे. १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारनें १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा केला. त्यांत सलोखा करणारे पंच नेमण्याची तजवीज होती, आणि त्यांच्यापुढें झालेला करार कोर्टांत दाखल झाला म्हणजे त्यास हुकूमनाम्याचें बळ येई. ते पंच मुख्यतः सावकारी कर्जाचे वाद पाहत, त्यांत दोषही पुष्कळ शिरले, व पुढें ती पद्धत बंद पडली. परंतु तत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे: मध्यस्थ गांवचा, पण बळ कायद्याचें.

आतां याच्या शेजारीं आमच्या स्वतंत्र देशाचा २०२३ चा मध्यस्थी कायदा ठेवून पाहा. त्यांत इतर मध्यस्थींतून झालेल्या लेखी तडजोडीस कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकें बळ दिलें आहे. परिसराच्या शांततेस बाधा आणणाऱ्या तंट्यांसाठीं सामुदायिक मध्यस्थीचें स्वतंत्र प्रकरणही त्यांत आहे. तीन मध्यस्थांचें मंडळ बसवावें अशी त्यांत योजना आहे. हें सर्व उत्तम. परंतु या सामुदायिक मध्यस्थींतून झालेली तडजोड मात्र हुकूमनाम्याप्रमाणें बजावतां येणार नाहीं असें कायदाच सांगतो! शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरांत या कायद्याचीं जीं कलमें अंमलांत आलीं त्यांत हें प्रकरण नव्हतेंच. व्यापाऱ्यांनीं तडजोड केली तर ती पक्की, आणि खेडुतांनीं केली तर ती केवळ सदिच्छा, हा भेद कशासाठीं? परकी सरकारनें १८७९ सालीं गांवच्या पंचापुढील करारावर जो विश्वास ठेविला, तो स्वराज्यानें ठेवूं नये काय? खेड्यांतील तडजोडींत दडपण असतें, बायकांचा हक्क बुडविला जातो, अशी भीति असेल तर ती खरी आहे. पण तिचें औषध तडजोडीस पांगळी करणें हें नव्हे, तडजोड तपासून घेणें हें आहे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवोगांव समित्या बसल्या व पुष्कळ ठिकाणीं खरोखर चांगलें काम झालें. परंतु जेथें तंट्यांची संख्या व पारितोषिक यांची सांगड पडते, तेथें तंटा मिटविण्यापेक्षां मिटल्याचें दाखविण्याकडे मन ओढ घेतें, हा मनुष्यस्वभाव आहे. २०२३ च्या जानेवारींत निघालेली सलोखा योजना आम्हांस याहून अधिक मुद्देसूद वाटते. गटवारीच्या घोटाळ्यानें एकाची जमीन दुसऱ्याकडे व दुसऱ्याची पहिल्याकडे निदान बारा वर्षें वहिवाटींत असेल, तर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व शंभर रुपये नोंदणी शुल्क भरून करतां येतो. येथें सरकारनें शेतांतील सत्य ओळखून कागदास त्याच्यामागें यावयास लाविलें. एरव्हीं शेतानें कागदामागें धांवावें अशी अपेक्षा असते. २०२५ च्या मे महिन्यांत शेतजमिनीच्या वांटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला, व त्याच सालीं मयत खातेदारांचे वारस उताऱ्यावर लावण्यासाठीं जिवंत सातबाराची मोहीम निघाली. हीं पाउलें योग्य दिशेचीं आहेत. परंतु तीं सुटीं सुटीं पडलेलीं आहेत; त्यांस एका मार्गाचें रूप आलेलें नाहीं.

तो मार्ग कसा असावा याविषयीं आमच्या सूचना थोडक्यांत अशा. मोजणी आधीं व बोलणी मागून हा पहिला नियम. हल्लीं लोक आधीं भांडतात, मग बैठक घेतात, आणि शेवटीं मोजणी मागतात. त्यामुळें बैठकींत प्रत्येकजण आपल्या मनांतील नकाशा घेऊन बसतो. दोन्ही भावक्यांनीं खर्च निम्मे निम्मे सोसून सरकारी मोजणी करवावी, व त्या नकाशावर बोट ठेवून बोलावें. दुसरा नियम पंचांचा. पांचांमुखीं परमेश्वर म्हणतात. पण पांचही मुखें एकाच घरचीं असलीं तर परमेश्वर तेथें फिरकत नाहीं. पांच पंचांपैकीं दोहों बाजूंनीं एकेक निवडावा, दोन शेजारच्या गांवचे असावेत, एक स्त्री असावीच, आणि तालुका विधि सेवा समितीनें अशा पंचांची यादी ठेवून त्यांस कायद्याचें जुजबी शिक्षण द्यावें. ज्यास निवडणूक लढवावयाची आहे अशा पुढाऱ्यास पंच करूं नये. तो निवाड्याऐवजीं मतें मोजतो.

तिसरा नियम कागदाचा. तडजोड तोंडी राहिली तर ती पुढच्या तंट्याचें बीज होय. ती नकाशासह लिहावी, तींत विहिरीची पाळी, पाटाचें पाणी, गाडीवाट, झाडें व बांध यांचा स्पष्ट उल्लेख असावा. कारण क्षेत्राचें भांडण मिटतें आणि वाटेचें भांडण वीस वर्षें पुरतें, हा सर्वत्र अनुभव आहे. जुन्या येजितखताप्रमाणें प्रत्येक हिस्सेदारानें आपल्या सहीनें, माझें समाधान झालें, असें लिहून द्यावें. यांत हरल्याची नामुष्की नको, पण कबुलीचा पक्केपणा हवा. चौथा नियम मुदतीचा. अशी तडजोड साठ दिवसांच्या आंत लोक अदालतीपुढें यावी. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें लोक अदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नाहीं. आणि दावा दाखल होण्यापूर्वींचे वादही तिच्यापुढें नेतां येतात. म्हणजे जें बळ सामुदायिक मध्यस्थीस कायद्यानें नाकारलें, तें मिळविण्याची वाट आजही मोकळी आहे. ती गांवापर्यंत नेऊन पोंचविणारा कोणी नाहीं, एवढेंच. निवाडा झाला कीं त्याची प्रत तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याकडे, परस्पर जावी व फेरफार विनाखर्च व्हावा.

आतां ज्या मुद्द्यावर आमच्या पुष्कळ वाचकांचा आमच्यावर रोष होईल तो सांगतों. भावकीची कोणतीही तडजोड घरच्या लेकीबाळींस वगळून झाली तर ती न्याय्य नाहीं, आणि टिकाऊही नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं वडिलार्जित मिळकतींत मुलीस सहहिस्सेदार केलें. पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींस त्यांतून वगळलें. २००५ च्या मध्यवर्ती दुरुस्तीनें तो भेदही काढून टाकिला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या प्रकरणांत सांगितलें कीं, हा हक्क मुलीस जन्मानें आहे, २००५ सालीं बाप हयात असो वा नसो. त्याच निकालांत न्यायालयानें असेंही म्हटलें कीं, केवळ तोंडी वांटणी झाली होती ही सबब, सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असल्यावांचून, मान्य होणार नाहीं. आमचे शेतकरी बंधु यावरून काय बोध घेतील? अद्यापि पुष्कळ उताऱ्यांवर बहिणींचीं नांवें "इतर हक्क" या रकान्यांत एका कोपऱ्यांत बसविलेलीं असतात, आणि रक्षाबंधनास आलेल्या बहिणीकडून साडीचोळीच्या मोबदल्यांत हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहीण हक्क सोडते तो पुष्कळदां माहेरचें दार बंद होईल या भीतीनें. जिनें स्वखुशीनें सोडावा तिनें अवश्य सोडावा. पण ती खुशी भावांच्या घोळक्यांत न विचारतां, लोक अदालतीच्या न्यायाधीशानें तिला एकटीस बोलावून विचारावी. दडपणाच्या भीतीवरील जें औषध आम्हीं वर म्हटलें तें हेंच.

भावकीच्या सामाईक जमिनींचा प्रश्न थोडा निराळा आहे. कोंकणांत सावंतवाडी तालुक्यांतील आंबोली, गेळे व चौकूळ या गांवांतील कबुलायतदार गांवकर जमिनींचें प्रकरण वाचकांस ठाऊक असेल. संस्थानी अंमलांत गांवकरांनीं कबुलायत देऊन गांव एकत्र राखिला. पुढें गेल्या शतकाच्या अखेरीस उताऱ्यावर सरकारचें नांव चढलें, आणि पिढ्यान् पिढ्या कसणारे लोक आपल्याच गांवांत उपरे ठरले. शेजारच्या गोमंतकांत गांवकरीची संस्था १५२६ च्या पोर्तुगीज फोरालाहूनही जुनी आहे. वांगड म्हणजे घराण्यांच्या शाखा गांवच्या जमिनीच्या धनी, व वार्षिक उत्पन्नांतून गांवकरांस झोण मिळे. पण ती परंपरा पुरुषवंशाचीच, आणि गांवांत घाम गाळणाऱ्या इतरांस तींत स्थान नव्हतें. या दोन उदाहरणांवरून बोध असा कीं, वहिवाटीची सामाईक मालकी सरकारनें एका लेखणीच्या फटक्यानें पुसूं नये, आणि घराण्यांनींही ती आपली खासगी जहागीर समजूं नये. अशा जमिनींचे हक्क ठरवितांना कसणारा कोण, राहणारा कोण, व गुरचरण, पाणवठा व देवराई सर्वांसाठीं किती राखावयाची, हें ग्रामसभेपुढें उघडपणें ठरावें व मगच वांटप व्हावें.

आमच्या सूचनांवर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, गांवांतील धनदांडगे हेच पंच होतील. म्हणूनच आम्ही बाहेरगांवचे पंच, स्त्रीपंच, मोजणीचा नकाशा व न्यायाधीशाची तपासणी अशीं चार कुलुपें सांगितलीं आहेत. ज्यास तडजोड अन्यायाची वाटेल त्यास कोर्टाचें दार मोकळें आहेच. तडजोड सक्तीची नसावी, पण तिचा मार्ग कोर्टाच्या मार्गाहून जवळचा मात्र असावा. दुसरा आक्षेप उघडपणें कोणी घेणार नाहीं, पण मनांत पुष्कळांच्या असेल: वकीलवर्गाचें कसें होणार? आम्ही त्याच वर्गांतील असल्यामुळें निःशंकपणें सांगतों कीं, दोन भावांच्या वैरावर जगणारा धंदा बुडाला तर देशाचें कांहीं नुकसान नाहीं. ज्यास कायद्याचें ज्ञान आहे त्यास वांटणीपत्रें बिनचूक लिहिण्यांत, पंचांस सल्ला देण्यांत व बहिणींचे हक्क राखण्यांत पुरेसें व अब्रूचें काम आहे.

शेवटीं एक गोष्ट. भाऊबंदकीनें मराठ्यांचें राज्य कसें पोखरलें याचीं व्याख्यानें आपण मोठ्या आवेशानें ऐकतों, आणि राघोबादादास दोष देऊन घरीं जातों. पण राघोबादादा शनिवारवाड्यांत एक होता. आमच्या शिवारांत तो बांधाबांधावर उभा आहे. १९४७ सालीं परक्याची सत्ता गेली. तथापि ज्या गांवास आपल्या दोन घरांचा बांध आपल्या विवेकानें ठरवितां येत नाहीं, त्यास स्वराज्य पोंचलें असें म्हणणें कठीण आहे. गांव करी तें राव न करी, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं गांवाच्या बळावर विश्वास ठेवून केली. तें बळ आज न्यायानें वापरावयाचें असेल तर आरंभ सोपा आहे. येत्या पेरणीपूर्वीं प्रत्येक घरानें आपला उतारा काढावा, त्यावर मेलेल्यांचीं नांवें किती व जिवंतांचीं किती तें मोजावें, घरच्या लेकींचीं नांवें कोणत्या रकान्यांत आहेत तें पाहावें, आणि चुलत्याच्या घरीं जाऊन, मोजणीचा अर्ज दोघे मिळून करूं, एवढेंच म्हणावें. हें म्हणण्यास फार मोठें धैर्य लागतें याची आम्हांस जाणीव आहे. पण कोर्टाच्या व्हरांड्यांत चार पिढ्या उभें राहण्यास जें धैर्य लागतें त्याहून तें खास कमी आहे.